आतली हातोडी

म्हैसूरच्या बोगादी भागात चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये ओट्यावरचं तिसरं कॅबिनेट भिंतीला लावताना चैत्राच्या हातातलं स्क्रू मारायचं मशीन बंद पडलं. आधी त्याचा कडकड आवाज बदलला, मग करपल्याचा वास आला, आणि नंतर ट्रिगर दाबूनही काही होईना. कॅबिनेट दोन स्क्रूंवर अर्धवट लटकलेलं. खालून नागरत्नाने ते खांद्यावर तोलून धरलं होतं. चैत्राने खिशातला साधा स्क्रू-ड्रायव्हर काढून उरलेले दोन स्क्रू हाताने पिळले, आणि मग दोघी फरशीवर बसल्या.

चैत्रा अडतीस वर्षांची. तिचे मराठी पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. घरात अजून मराठी बोलत, पण त्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली असे. गेली सहा वर्षं ती मॉड्युलर किचन आणि कपाटं बसवायचं काम करत होती. नागरत्ना चार वर्षांपासून तिच्यासोबत होती. उंच, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. कॅबिनेट उचलणं, धरणं, पातळी बघणं तिच्याकडे. मशीन मात्र चैत्राच्या हातात.

फ्लॅटचे मालक मिलिंद शनिवार म्हणून घरीच होते. मूळचे साताऱ्याचे; नंजनगूडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. बोल्ट किती घट्ट बसलेत हे मोजणं त्यांच्या रोजच्या कामाचा भाग. वास आला तसे ते स्वयंपाकघरात डोकावले.

"काय झालं, चैत्राताई?"

"जळालं सार. आज आता होत नाही बघा."

"काय जळालं पण?"

चैत्राने मशीन उलटसुलट करून पाहिलं. "मशीन."

"ते कळलं. आतलं काय?"

चैत्राने सहा वर्षं रोज हातात घेतलेली वस्तू, हजारो स्क्रू मारले असतील, पण आत काय आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मिलिंद तो प्रश्न विसरून चहा सांगायला गेले. चैत्राच्या मनात तो राहिला.

त्याच दुपारी ती अशोका रोडमागच्या गल्लीत श्रीहरीच्या दुकानात गेली. श्रीहरी हत्यारं विकायचा आणि दुरुस्तही करायचा. त्याने मशीन नाकाजवळ नेलं, हुंगलं आणि बाजूला ठेवलं.

"रिपेर बेडा," तो म्हणाला. "दुरुस्तीत अर्थ नाही. नवीन घे."

"घेते. पण आधी उघडून दाखवा."

श्रीहरीने तिच्याकडे नीट बघितलं. असं कुणी म्हणत नसावं. मग त्याने स्टूल पुढे सरकवलं, आठ स्क्रू काढले आणि मशीनचे दोन भाग वेगळे केले.

आतून पिवळट भुसा सांडला. बोर्ड कापताना, भोकं पाडताना उडणारा बारीक भुसा हवेच्या फटींतून आत जाऊन दाबून बसला होता. मागे मोटर, तिची तांब्याची तार काळी पडलेली. श्रीहरी म्हणाला, "श्वास कोंडला हिचा. अलीकडे लोखंडाचं काम केलंस?"

चैत्राने केलं होतं. महिनाभर एका गच्चीवर लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याला पत्रे ठोकले होते, मशीनला थंड व्हायला वेळ न देता.

"आणि हे काय?" मोटरच्या पुढे एक जाड स्प्रिंग होती, तिच्यापुढे पोलादाचा जड गोळा, त्याला दोन कान.

"ही हातोडी."

"हातोडी? फिरवायच्या मशीनमध्ये?"

श्रीहरीला आता गंमत वाटू लागली होती. त्याने गोळा बोटांनी फिरवून दाखवला. स्क्रू सहज जात असेल तोवर सगळं एकत्र फिरतं. स्क्रू अडला की स्प्रिंग दबते, गोळा मागे सरकतो, सुटतो आणि आपले कान पुढच्या तुकड्याच्या कानांवर आदळतो. मिनिटाला तीन हजार वेळा. तो कडकड आवाज त्याचाच.

"म्हणजे मी इतकी वर्षं स्क्रू पिळत नव्हते, ठोकत होते."

"आडवं ठोकत होतीस. गोल."

"मग माझ्या मनगटाला हिसका का बसत नाही?"

"मार आतल्या आत बसतो म्हणून. साध्या ड्रिलने हेच कर, मनगट मुरगळेल."

चैत्राने तो गोळा तळहातावर घेतला. दोन्ही कानांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. लिंबाएवढा तुकडा, पण चांगला जड. तिने तो बराच वेळ हातात ठेवला.

मग श्रीहरीने काउंटरवर तीन मशीनं मांडली. पहिलं अठरा व्होल्टचं, मोठं, खोक्यावर जोराचा सगळ्यात मोठा आकडा छापलेलं. दुसरं जुन्याच कंपनीचं नवं मॉडेल, तेही अठराचं. तिच्याकडच्या दोन्ही बॅटऱ्या त्याला चालणार होत्या, आणि जोर कमी-जास्त करायला त्याला तीन टप्पे होते. तिसरं बारा व्होल्टचं, इतकं लहान की चैत्राला ते खेळणं वाटलं.

"तुम्ही कुठलं घ्याल?"

"मी विकतो. मी कुठे घेतो?" श्रीहरी म्हणाला. "तिन्ही घेऊन जा. दाखवायला ठेवलेली आहेत. उद्या दुकान बंद, परवा आणून दे. तुझ्या कामावर मारून बघ."

रविवारी सकाळी चैत्रा आणि नागरत्ना तीन पेट्या घेऊन पुन्हा बोगादीला आल्या. मिलिंद पेट्या बघून खूश झाले. कपाटाच्या वरून त्यांनी लांब दांड्याचा एक पाना काढला. त्याच्या तबकडीवर बोल्ट सोडवायला किती जोर लागतो ते दिसायचं. त्यांची बायको मृदुला म्हणाली, "आता दुपारचं जेवण चारला," आणि पुस्तक घेऊन बाल्कनीत गेली.

मिलिंदनी एका जाड लाकडी ठोकळ्यात प्रत्येक मशीनने पाच-पाच जाड स्क्रू मारायला लावले, घड्याळ धरलं, मग बोल्ट आवळायला लावले आणि पान्याने सोडवून आकडे वहीत लिहिले. तासाभराने त्यांनी वही पुढे केली.

"मोठंच घ्या. दुसऱ्यापेक्षा सव्वापट आहे, छोट्याच्या तर दुप्पट. यात शंकाच नाही."

चैत्राने आकडे वाचले. तिला ते आवडले. इतक्या स्वच्छपणे तिच्या कामाबद्दल कुणी काही लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. पण ती म्हणाली, "सार, तुमच्या किचनात तो ठोकळा कुठंय?"

"म्हणजे?"

"नोडी, हे बघा," असं म्हणून तिने मोठं मशीन उचललं आणि चिमणीची पेटी अन् भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात नेलं. मशीनचं डोकं लांब. तिथे सरळ बसेना. तिरकं धरलं तर टोकाचा बिट स्क्रूवरून घसरला. मग तिने उरलेल्या बोर्डाचा एक तुकडा ओट्यावर ठेवला आणि त्यात स्क्रू मारला. ट्रिगर सोडेपर्यंत स्क्रूचं डोकं वरचा गुळगुळीत थर फोडून आत घुसलं होतं.

मिलिंद वाकून बघत राहिले. "माझी सगळी कॅबिनेटं याच बोर्डाची आहेत ना?"

"हो की."

त्यांनी वहीतल्या आकड्यांखाली एक रेघ मारली आणि नवं पान उघडलं. आता काय मोजायचं, असं विचारलं. चैत्राने सांगितलं: स्क्रूचं डोकं बोर्डाच्या बरोबरीने थांबलं पाहिजे. वर राहिलं तर दार घासतं, आत गेलं तर पकड जाते. मग प्रत्येक मशीनने दहा स्क्रू मारायचे आणि बरोबर किती बसतात ते मोजायचं, असं ठरलं. मोठ्या मशीनने तिचे चार बरोबर बसले. दुसऱ्याने, सगळ्यात कमी जोराच्या टप्प्यावर, सात. छोट्याने पण सातच.

"एकाच हाताने मोजून चालायचं नाही," मिलिंद म्हणाले. "कारखान्यात आम्ही माणूस बदलून बघतो. मी मारू?"

त्यांनी मारले. दहातले दोन बरोबर. मग त्यांनी छोटं मशीन दाराशी उभ्या असलेल्या नागरत्नापुढे धरलं. नागरत्नाला मराठी कळत नसे, पण हे कळलं. ती मान हलवून मागे सरकली. चैत्रा तिला कन्नडमध्ये म्हणाली, "मार की. नुसतं बघायचंय."

नागरत्नाने हात साडीला पुसले. मशीन एकदा हवेत फिरवून पाहिलं. मग बोर्डावर वाकली. मिलिंदना ती फार सावकाश करते आहे असं वाटलं, पण सावकाश नव्हतं; प्रत्येक स्क्रूच्या शेवटी ती किंचित मान कलती करायची, इतकंच.

दहाच्या दहा बरोबर बसले. मिलिंदनी पोलादी पट्टी आडवी ठेवून खात्री केली. पट्टी कुठेच डुगली नाही.

"यांनी आधी केलंय हे?"

"कधी नाही," चैत्रा म्हणाली, आणि नागरत्नाकडे वळली. "कसं गं?"

नागरत्नाला आधी सांगावंसं वाटेना. मग ती म्हणाली, "आवाज. बसायच्या जरा आधी आवाज जाड होतो. तेव्हा सोडायचं. तू थोडी उशिरा सोडतेस."

"नेहमी?"

"दमलीस की जास्त."

चैत्राने हे मिलिंदना मराठीत सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा गरम झाला. चार वर्षं ही बाई तिच्या खाली कॅबिनेट धरून उभी होती आणि एकेक स्क्रू ऐकत होती. राग यावा असं काही नव्हतं. तरी थोडा आला. पण त्याहून जास्त तिला तो आवाज ऐकायचा होता. तिने दुसरं मशीन घेतलं, डोळे मिटले आणि मारत गेली. पहिले तीन स्क्रू काही कळलं नाही. चौथ्याला कडकड एकदम भरीव झाल्यासारखी वाटली. तिने बोट उचललं. डोळे उघडून अंगठा फिरवला. डोकं बोर्डाशी एकसारखं लागलं.

"होतो," ती म्हणाली. "जाड होतो."

मिलिंदनी वहीत लिहिलं: आवाज. मग विचारात पडले की हे मोजायचं कसं. जेवण खरंच चारला झालं, पण त्याआधी सगळं किचन लागलं होतं.

सोमवारी चैत्राने दुसरं मशीन घेतलं, जुन्या कंपनीचं. कमी टप्प्यावर ते बोर्ड फोडत नव्हतं, कोपऱ्यात मावत होतं, बॅटऱ्या चालत होत्या, आणि अधूनमधून येणाऱ्या लोखंडाच्या कामालाही ते पुरलं असतं. श्रीहरीने भुसा काढायला एक बारीक ब्रश वर दिला. परत येताना सोबत असलेली नागरत्ना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. चैत्राने दोनदा मशीनबद्दल काही म्हटलं. ती "हूं" म्हणाली.

त्या गुरुवारी त्यांना पिरियापट्टणला जायचं होतं, तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या नव्या घरात. नागरत्ना बसस्टँडवर आली तेव्हा तिच्या खांद्याला एक नवी पिशवी होती. बस हुणसूरच्या पुढे गेल्यावर चैत्राने विचारलं, "काय आहे त्यात?"

नागरत्नाने चेन उघडून दाखवलं. बारा व्होल्टचं छोटं मशीन, दोन बॅटऱ्या, चार्जर.

"कधी घेतलंस?"

"मंगळवारी."

"मला सांगितलं पण नाहीस."

"तू तुझं घेताना मला विचारलंस?"

चैत्राने विचारलं नव्हतं. मिलिंदना विचारलं, श्रीहरीला विचारलं, वहीतले आकडे पाहिले. जिचे दहाच्या दहा बरोबर बसले, तिला विचारायचं राहूनच गेलं. ती म्हणाली, "चुकलंच माझं." नागरत्नाने पिशवीची चेन लावली आणि डब्यातला लिंबाचा भात, चित्रान्न, पुढे केला. पिरियापट्टण येईपर्यंत दोघींनी तो संपवला.

कामावर मात्र एक अडचण आली, जिचा दोघींनीही विचार केला नव्हता. नागरत्नाही स्क्रू मारणार असेल तर कॅबिनेट धरणार कोण? पहिलं कॅबिनेट त्यांनी एकेका हाताने धरून लावायचा प्रयत्न केला; ते तिरकं लागलं आणि काढावं लागलं. चैत्रा भिंतीकडे बघत उभी राहिली. नागरत्ना बाहेर गेली आणि सुतारांनी टाकलेली एक लांब सरळ लाकडी पट्टी घेऊन आली. ती तिने भिंतीवर आडवी धरली आणि भुवया उंचावून चैत्राकडे पाहिलं.

चैत्राला कळलं. पातळी बघून त्यांनी ती पट्टी आधी भिंतीला लावली, कॅबिनेटांचा तळ जिथे यायचा त्या रेषेवर. मग एकेक कॅबिनेट उचलून पट्टीवर टेकवत गेल्या. त्याचं वजन आता भिंतच घेत होती. एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही मशीनं एकदम चालू झाली. छोट्याचा आवाज बारीक, चैत्राच्या मशीनचा भरदार. चैत्राला सुरुवातीला आपला आवाज त्यातून वेगळा काढता येईना, आणि तिचे दोन स्क्रू खोल गेले. नागरत्ना थांबली. "तू मार," ती म्हणाली, "मग मी मारते." मग त्या आळीपाळीने मारू लागल्या.

दोन दिवसांचं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. व्यापाऱ्याच्या बायकोने सगळी दारं उघडून-मिटून पाहिली, एकही घासलं नाही. चैत्राने पट्टी काढून भिंतीतली भोकं बुजवली. नागरत्नाने ती पट्टी फेकून दिली नाही. पुढच्या कामालाही हीच वापरायची म्हणून तिच्या एका टोकाला पेन्सिलीने खूण केली, कापडात गुंडाळली आणि बसच्या टपावर चढवायला कंडक्टरकडे दिली.