दहा मिनिटांची कृपा

"हर्षिता सारखी हनुवटी वर करून बघते. एकदा डोळे दाखवून घ्या," असं बालवाडीच्या अपर्णा मॅडमनी श्रुतीला जूनमध्येच बजावलं होतं. श्रुतीने ते हसण्यावारी नेलं. सासरे महिपतराव तर ऐकून फुलूनच गेले.

"सरदारांची नात आहे! आमच्या घराण्यात कुणी मान खाली घालून बघितलंय?" भिंतीवरच्या फोटोत त्यांचे पणजोबा फेटा बांधून, हनुवटी वर करून उभे होतेच.

दिवाळीचे फोटो बघताना मात्र श्रुती एकेक फोटो मोठा करून बघू लागली. प्रत्येक फोटोत चार वर्षांच्या हर्षिताची उजवी पापणी अर्ध्यावर उतरलेली. डॉक्टरांचा नंबर मिळेपर्यंत महिपतरावांनी डोळे बरे करतात म्हणून गाजलेले दौलतगंजचे नयनबाबा गाठलेसुद्धा.

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतभर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. बाबांनी हर्षिताच्या डोळ्यात जल टाकलं आणि गर्जले, "पलक पर नजर का बोझ है! दस मिनट आँख बंद! बीच में खोली, तो कृपा वापस!"

दहा मिनिटं घंटा बडवली गेली. डोळा उघडला, तर पापणी खरंच वर! जयजयकार झाला, फोटो निघाला, महिपतरावांच्या मिशासुद्धा वर चढल्या. श्रुतीला तेवढं एक दिसलं, की त्या डोळ्यातली बाहुली बटणाएवढी मोठी झाली होती. तिने वेळ लिहून ठेवली, अकरा वाजून वीस मिनिटं.

दोन वाजता खिचडी खाताखाता पापणी परत खाली आली.

"माँ की श्रद्धा में छेद है," बाबा फोनवर म्हणाले. "सात गुरुवार बच्ची को लाइए."

महिपतरावांनी सुनेकडे रोखून पाहिलं. "छेद मी नंतर शिवते," श्रुती त्यांना म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे चला. तुम्हीपण."

पापण्यांच्या शस्त्रक्रिया आणि त्यावरचं संशोधन करणाऱ्या डॉ. पद्मांनी श्रुतीने वेळा आणि बाबांचे सात गुरुवार लिहिलेला कागद वाचला आणि त्या हसल्या. "आजोबा, तुमचीही डावी पापणी उतरलीय. बीपी किती?"

"एकदम जवान!"

तरी त्यांनी मोजलं, कारण थेंबाने बीपी वाढू शकतं. मग एक थेंब टाकला आणि दहा मिनिटांनी आरसा दिला.

"अरे! कृपा झाली!"

"औषध आहे, आजोबा. पापणीतला एक छोटा स्नायू थोडा वेळ आखडतो, बाहुलीही मोठी होते. ऑपरेशनआधी तपासायला आम्ही हेच वापरतो. सगळ्यांवर चालत नाही. ज्यांच्यावर चालतं, त्यांचे फोटो बाबांच्या भिंतीवर."

"आणि तुमचे फोटो?" महिपतरावांनी विचारलं.

"आम्ही पट्टीने मोजून सहा महिन्यांनी, वर्षाने काढतो. जो येत नाही, त्याला फोन करून बोलावतो. नाहीतर बिघडलेलं कळणार कसं?"

मग त्यांचा आवाज उतरला. "झाकल्या डोळ्याने बघायला मेंदू शिकत नाही. हिची उजवी नजर मागे पडलीय. अजून वेळ आहे, पण सात गुरुवारांइतका फुकट घालवायला नाही."

महिपतरावांनी मोबाइलमधला पणजोबांचा फोटो उघडून पुढे धरला. डॉक्टरांनी तो मोठा करून पाहिला. "ह्यांचीही उजवीच पापणी उतरलेली."

पुढच्या गुरुवारी महिपतराव दौलतगंजला गेले आणि ऐन गर्दीत खुर्ची टाकून बसले. "बाबाजी, आज फोटो दो बजे निकालेंगे. कृपा कहाँ भागी जा रही है?" सगळे थांबले. दीड वाजता पापण्या एकेक करून उतरू लागल्या, आणि बाबा ध्यानाला म्हणून मागच्या दाराने निघून गेले.

हर्षिताचं ऑपरेशन झालं. आता चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावून ती उजव्या डोळ्याने चित्रं रंगवते, रेघेबाहेर आणि कुरकुरत. पण बघते समोर.

चमत्कार दिसला की घड्याळ लावा आणि दुपारपर्यंत थांबा. आणि आज एवढं कराच: मोबाइलमधले घरातल्या, शेजारच्या मुलांचे फोटो उघडून बघा. एखादं लेकरू प्रत्येक फोटोत हनुवटी वर करून बघतंय? त्याला ऐट म्हणू नका. त्याच्या आईला आत्ताच फोन करा. ती हसण्यावारी नेईल. पुन्हा फोन करा.