शेगडी की इस्टो

दुपारपासून लाडबाईच्या ओठाला पाण्याचा थेंब नव्हता, आणि तिचे दोन धट्टेकट्टे लेक आग कोणाची पेटवायची यावर भांडत बसले होते. धाकटी सून बसंती पदराआड दात-ओठ खात होती.

निजाम जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. परतूरचं हे मारवाडी जैन घर साधू महाराजांच्या दर्शनाला बैलगाडीनं जालन्याला निघालं होतं. लाडबाईचा तीन दिवसांचा उपास. उपासात फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस असेतोवर. दिवस बुडाला की सकाळपर्यंत तोंड बंद. वाटूरच्या अलीकडं नाल्यात गाडीचा आस मोडला आणि उकळलेल्या पाण्याचा घडा फुटला. गाडीवान कारभारी सुतार आणायला वाटूरला गेला. माळावर राहिले दोघं भाऊ, दोघी जावा आणि गोधडीवर पडलेली म्हातारी.

कच्चं पाणी भरपूर होतं. पण उकळायचं कशावर? थोरल्या कचरूलालनं प्रवासासाठी लोखंडी शेगडी आणि चाळलेला कोळसा घेतला होता. धाकट्या उत्तमचंदनं औरंगाबादेहून घासलेटचा पितळी इस्टो आणला होता, पाय दुमडून पेटीत बसणारा. काय न्यायचं ते घरी ठरलंच नाही, म्हणून दोन्ही गाडीत चढले. अन् घरात मारवाडी बोलणारे हे भाऊ भांडायला मात्र मराठीवर यायचे.

"घासलेटच्या वासातलं पाणी मा पिणार? बिलकुल न्हाई!" कचरूलाल गरजला.

"तुमच्या कोळशात किती किडे जळून राह्यले ते बघा आधी, भाईजी. इस्टोत एक जीव मरत न्हाई."

"मोठा आला जीव वाचवणारा! बाप गेल्यावर दुकान कोणी वायलं केलं मंग?"

झालं! दुकान निघालं म्हणजे आता काही खरं नव्हतं. एकानं काडी ओढली की दुसरा फुंकर मारी. एकानं शेगडी मांडली की दुसऱ्यानं लाथेनं उडवलीच. काय म्हणावं असल्या लेकांना! आई डोळ्यांदेखत सुकत चाललेली, आणि ह्यांना स्वतःची आग मोठी.

दिवस कलला तशी लाडबाईची जीभ जड झाली. बसंती उठली. तिनं कोणाला विचारलं नाही. गाडीच्या आडोशाला इस्टो मांडला, स्पिरिट पेटवलं, पंप मारला. थोरली जाऊ प्रेमबाई, म्हणजे खुद्द कचरूलालची बायको, वाऱ्याला अडवायला पेटीचं झाकण धरून बसली. निळी आग धरली. भगुण्यातलं पाणी गुणगुणायला लागलं तेव्हा दोघी जावा एकमेकींकडं बघून हसल्या.

उत्तमचंदनं तेवढं बघितलं अन् मांडीवर थाप मारली. "बघा भाईजी! शेवटी माझाच इस्टो!"

कचरूलालची मूठ त्याच्या तोंडावर बसली. दात पडला. उत्तमचंदनं गाडीच्या कडेचा दांडा, उभारी उपसली आणि भावाच्या खांद्यावर असा दणका घातला की हाड वाजलं. कचरूलाल गुडघ्यावर आला, पण त्यानं उत्तमचंदच्या पायाला मिठी मारून त्याला आडवा पाडला, छातीवर बसला आणि कान धरून डोकं जमिनीवर आपटू लागला. प्रेमबाई मधी पडली तर तिलाही कोपर बसलं, नाकातून रक्ताची धार लागली. बैल बिथरून दावं तोडायला लागले.

"मरतो मी... अगं मरतो," उत्तमचंद घुसमटला.

कचरूलालच्या हाताला जूची शिवळ लागली. लाकडाचा तो जाड दांडका त्यानं डोक्यावर उगारला.

इकडं पाण्याला उकळी फुटली होती. दिवस कडेला टेकला होता, वाटीभर पाणी गार करून पाजण्यापुरताच वेळ उरला होता. बसंतीनं पदरानंच भगुणं उचललं आणि पळत आली. डोईवरचा पदर गेला, तोंड उघडं पडलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, थोरल्या दिरापुढं तिनं कधी शब्द काढला नव्हता.

"सोडा त्यांना, जेठजी. न्हाई तर अंगावर ओतीन."

कचरूलालनं घामेजलेलं तोंड वर केलं. "ओत की! माचं पाणी हाय ते. ओत अन् मार तिला."

बसंतीनं बुडत्या दिवसाकडं बघितलं. खरंच होतं ते. दुसरं पाणी ठेवून उकळेपर्यंत दिवस थांबणार नव्हता. तिच्या नवऱ्याचे डोळे पांढरे झाले होते, आणि शिवळ खाली यायला निघाली होती.

"ओत, बसंती," लाडबाई गोधडीवरून म्हणाली.

बसंतीनं ओतलं.

कचरूलालची किंकाळी माळभर गेली. शिवळ सुटली, हाताची कातडी सुटली, तो लोळत बाजूला पडला. उत्तमचंद पालथा होऊन खोकत, रक्त थुंकत राहिला.

दोघं भानावर आले तोवर दिवस बुडाला होता. मग मात्र दोघांची धांदल उडाली. उत्तमचंद सरपटत इस्टोकडं गेला, कचरूलाल एका हातानं कोळसे गोळा करायला लागला. "मा, जल्दी उकळतो, घोटभर घे. पाप आमच्या माथी," असं म्हणत दोघं हुंदके देऊन रडले.

लाडबाईनं मान फिरवली. बसंतीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा कोरड्या जिभेनं ती एवढंच बोलली, "हात भाजला का गं तुझा?"

बसंतीला रडू फुटलं. सकाळ व्हायला अजून अख्खी रात्र होती.