माधवीच्या दंडावरचं तपकिरी कापड

मी एक जुना तपकिरी कापडाचा तुकडा आहे, असं म्हणून सुरुवात करणार होतो, मित्रांनो. पण इथंच घोळ होतो, कारण मी एक नाही, दोन तुकडे आहे. काडेपेटीएवढे दोन लोकरी चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या दोन बारीक दोऱ्या. दोऱ्यांच्या मधून डोकं घालायचं, की एक तुकडा छातीवर येतो आणि दुसरा पाठीवर. म्हणजे माझं अर्धं अंग पुढचं बघतं आणि अर्धं मागचं. अशानं कोणाचा गोंधळ उडणार नाही, तुम्हीच सांगा.

चर्चमध्ये मला स्कॅप्युलर म्हणतात. नाव जरा जडच आहे. मलासुद्धा ते पाठ व्हायला वर्ष गेलं, आणि तोवर लोकांनी मला बाकीची इतकी नावं देऊन ठेवली होती की खरं कोणतं, ते मीच विसरायला लागलो होतो.

माझा जन्म हैदराबादेत गौलीगुड्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, शिलाईच्या मशीनवर झाला. मला शिवलं सुशीलाबाईंनी. त्या मूळच्या जालन्याकडच्या, घरात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम करून आता घरी बसलेल्या. जुन्या शालीच्या काठातून त्यांनी मला कापलं. एका तुकड्यावर मरियामातेचं छापील चित्र शिवलं, दुसऱ्यावर इंग्रजीतल्या तीन ओळी. हे सगळं चाललं होतं त्यांच्या नातीसाठी, आठ वर्षांच्या प्रिस्कासाठी. फादरांनी माझ्यावर पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली आणि मला तिच्या गळ्यात घातलं. सुशीलाबाईंनी तिला सांगितलं की आंघोळीपुरतं सोडलं तर हे काढायचं नाही. आई लेकराला पदराखाली घेते ना, तसं समजायचं. मी तर फुलून गेलो होतो. शालीचा काठ होतो तेव्हा मला कोण विचारत होतं!

प्रिस्का सहावीत सरकारी शाळेत गेली आणि माझे दिवस फिरले. तिथं वाईट कोणी नव्हतं हो, उगाच कोणावर आळ घेणार नाही. पण गणवेशाच्या कॉलरमधून माझा मागचा तुकडा सारखा बाहेर यायचा, आणि मागच्या बाकावरची मुलगी तो ओढून बघायची. हे काय आहे? प्रिस्का तोंड उघडायच्या आत दुसरी सांगायची की तावीज आहे, आपल्या मामूकडे पण आहे. तिसरी म्हणायची की बसचा पास असेल, हरवू नये म्हणून गळ्यात घातलाय. एकीला वाटलं की घरातलं कोणी वारलं, त्यांचा फोटो आहे. एक बाई तर फार मायाळू होत्या. त्या म्हणाल्या, ओळखपत्र असं आत नाही घालायचं बेटा, वर काढ. सगळे विचारायचे आणि आपणच उत्तर देऊन मोकळे व्हायचे. प्रिस्का 'नाही, ते म्हणजे' इथपर्यंत यायची आणि घंटा व्हायची.

खरं सांगायचं तर तिलाही पुढचं नीट येत नव्हतं. आजीनं पदराचं सांगितलं होतं, ते वर्गात कसं सांगणार? तीन वर्षं ती तशीच राहिली. नववीत असताना एका दुपारी नळावर पाणी प्यायला वाकली, मी लोंबकळून भिजलो आणि सगळ्या हसल्या. तिनं मला काढलं आणि कंपासपेटीत टाकलं. घरी गेल्यावर आजीला म्हणाली की घामानं खाज येते. तेही खोटं नव्हतं. हैदराबादच्या एप्रिलमध्ये गळ्यात लोकर म्हणजे गंमत नाही. सुशीलाबाईंनी मला पुसलं आणि आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिलं. मला फार वाईट वाटलं. आपलं काय चुकलं, हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर इंदुताई राहायला आल्या. त्यांची मुलगी माधवी प्रिस्काच्याच वर्गात. दहावीच्या परीक्षेला तीन आठवडे उरले आणि माधवीला टायफॉइड झाला. ताप उतरेना. या वर्षी परीक्षा हुकली तर पुढचं शिक्षण बंद, लग्नाचं बघू, असं तिचे आजोबा नामदेवराव उघड बोलून दाखवत होते. इंदुताईंना मुलीला शिकवायचं होतं. त्यांनी एकही दार सोडलं नाही. मारुतीला तेल वाहिलं, पोचम्मा देवीला बोनमचा, म्हणजे मडक्यातल्या भाताचा, नैवेद्य कबूल केला, दर्ग्यातून फुंकलेलं पाणी आणलं, आणि दवाखान्याच्या गोळ्या तर चालूच होत्या. शेवटी जिना चढून वर आल्या आणि सुशीलाबाईंपुढे रडल्या.

सुशीलाबाईंनी पुस्तक उघडलं आणि मला त्यांच्या हातावर ठेवलं.

"एक पुढं, एक मागं, एवढंच," त्या म्हणाल्या. "इंदू, तुझे देव बदलायला मी सांगत नाही माय. पोरीला बरं वाटलं की झालं."

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळा घोटाळा इथं झाला. इंदुताईंनी मला घरी नेऊन उजेडात धरलं. ताईत म्हणजे एकच बंद पुडी, आत काहीतरी मंतरलेलं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. 'एक पुढं, एक मागं' हे रडण्याच्या भरात त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं, आणि माझे दोन सुटे तुकडे बघून त्यांना वाटलं की हा ताईत उसवलाय. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, आणि आपण दाखवायला गेलो तर बिचारीला लागेल, म्हणून त्या गप्प बसल्या. सुई घेतली, माझे दोन्ही तुकडे समोरासमोर ठेवून शिवले, वर काळं फडकं चढवलं, हळदीचं बोट लावलं आणि मला माझ्याच दोऱ्यांनी माधवीच्या दंडावर, बाहीच्या आत बांधलं. माधवीला एवढंच सांगितलं की ताईत आहे, काढायचा नक्को.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःला भेटलो, नाकाला नाक लावून. इतकी वर्षं जो माझ्या पाठीमागं होता, तो मीच होतो! पण बघायला उजेड कुठं होता? काळ्या फडक्यात सगळा अंधार. मी तिथं ताईत म्हणून बसलो होतो, आणि खरं सांगतो, काही दिवसांनी मला वाटायला लागलं की असेनही. पाचव्या दिवशी ताप उतरला. गोळ्यांनी उतरला, बोनमानं उतरला, की माझ्यानं, ते मला विचारू नका.

परीक्षेचं सेंटर दिलसुखनगरच्या एका शाळेत आलं होतं. तेलुगू झाला, हिंदी झाला, आणि तिसरा पेपर इंग्रजीचा. माधवीच्या मागं एक मुलगी आणि तिच्या मागं प्रिस्का. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात कॉपी पकडणाऱ्या पथकाच्या एक मॅडम आत आल्या. बाकाबाकाशी थांबून त्या मुलींच्या बाह्या, ओढण्या तपासत होत्या. माधवीच्या दंडाशी त्यांचा हात अडला. माधवी निवांत होती. ताईत आहे, म्हणाली. मॅडमनी पूर्वी कधीतरी ताईतातून चिठ्ठ्या काढल्या होत्या, त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. ब्लेडनं टाके कापले.

उजेड आला आणि मला एकदम आठवलं. माझ्यावर इंग्रजी अक्षरं होती हो! इंग्रजीचा पेपर आणि दंडाला बांधलेलं इंग्रजी. मॅडमनी ओळी मोठ्यानं वाचल्या: हे अंगावर असताना ज्याला मरण येईल, त्याला कधी न विझणाऱ्या आगीत जावं लागणार नाही. माधवी पांढरीफटक पडली. आपल्या आईनं आपल्या दंडाला मरण आणि आग असलं काही बांधलं, हे तिला समजेचना. हे काय आहे, कोणी दिलं, काय अर्थ आहे, मॅडम विचारत होत्या आणि ती नुसती मान हलवत होती. तिची उत्तरपत्रिका काढून घेतली. मॅडमनी पिशवीतून कॉपीचा फॉर्म काढला आणि तिचा नंबर विचारला. त्या कागदावर सही झाली असती, की माधवीचं हे वर्ष गेलं असतं, आणि नामदेवराव काय करणार होते ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मला ओरडून सांगायचं होतं. पण काय सांगणार? मी कोण, हे मला तरी कुठं धड ठाऊक होतं!

मागून बाक वाजला. प्रिस्का उभी राहिली होती. मॅडमच्या हातातून मला ती दिसत होती. तिला भीती कशाची होती तेही मला कळत होतं. सुशीलाबाईंनी दुसऱ्यांच्या पोरीला बाटवायला हे दिलं, असं म्हणायला गल्लीत माणसं कमी नव्हती.

ती म्हणाली की हे माझं आहे, आणि त्यावर काय लिहिलंय ते न बघता सांगते. तिनं तिन्ही ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. झालं, आणखीच बिघडलं! मॅडमना वाटलं, पाठसुद्धा केलंय, म्हणजे दोघी सामील आहेत. त्यांनी प्रिस्काचीही उत्तरपत्रिका उचलली. आता दोघींचं वर्ष माझ्यापायी जाणार होतं. एवढं वाईट मला कंपासपेटीतही वाटलं नव्हतं.

मग मॅडमनी तिला विचारलं, "तुझं आहे ना? मग तुझ्या गळ्यात का नाही?"

सगळ्या वर्गाची पेनं थांबली. माझी खात्री होती की आता मॅडम स्वतःच काहीतरी बोलतील आणि प्रश्न मिटवतील, इतकी वर्षं मी तेच बघत आलो होतो. त्या बोलल्या नाहीत. फॉर्म हातात धरून उभ्याच राहिल्या.

"मला लाज वाटायला लागली म्हणून," प्रिस्का म्हणाली. "शाळेत सगळ्या विचारायच्या, हे काय, हे काय. मला सांगताच यायचं नाही. मी काढून टाकलं. आजीनं ते हिच्या तापासाठी दिलं. हिच्या आईनं ते असं का शिवलं, मला नाही माहीत. पण आत काय आहे ते हिला खरंच ठाऊक नव्हतं, मॅडम. हिचं वर्ष नका घालवू."

मॅडमनी प्रश्नपत्रिका मागवली आणि माझ्या तीन ओळींशी लावून पाहिली. मग आपल्याच हातातल्या ब्लेडकडे पाहिलं: टाके त्यांनीच कापले होते, त्याआधी आतलं वाचायला पोरीला वाटच नव्हती. कॉपी करणारी मुलगी काय काय सांगते, हे त्यांना पाठ असणार. पण लाज वाटली असं आजवर एकीनंही सांगितलं नसावं. त्यांनी फॉर्म कोराच पिशवीत टाकला, दोन्ही उत्तरपत्रिका परत केल्या, आणि दोघींना गेलेली बारा मिनिटं शेवटी जास्त द्यायला सांगितली. मला टेबलावर ठेवून त्या पुढच्या वर्गात गेल्या.

पेपर सुटल्यावर इंदुताई फाटकाशी उभ्या होत्या. मुलीचा मोकळा दंड आणि प्रिस्काच्या हातात उसवलेला मी, हे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं ऐकल्यावर त्या कितीतरी वेळ कपाळाला हात लावून बसल्या. मला वाटलं उसवलंय, एवढंच म्हणत राहिल्या. मग प्रिस्काला जवळ ओढून तिच्या तोंडावरून हात फिरवला. गणिताच्या पेपराला आता काय बांधू, असंही त्यांनी विचारलंच. माधवी म्हणाली, "काही नको बांधूस, आई."

बस स्टॉपवर प्रिस्कानं माझ्या दोऱ्या डोक्यावरून घातल्या. मी गणवेशाच्या वरच राहिलो, तिनं मला आत ढकललं नाही. माधवीनं विचारलं की हे काय आहे ते आता खरं सांग. प्रिस्का 'ते म्हणजे' म्हणून थांबली. माधवी वाट बघत उभी राहिली. त्यांची बस आली आणि गेली, दुसरीही गेली, आणि प्रिस्का अडखळत, मागंपुढं करत सांगत होती. मीही कान देऊन ऐकलं. मला अजून सगळं कळलेलं नाही, पण मी ताईत नाही आणि बसचा पास तर नाहीच, एवढं पक्कं झालं.

मित्रांनो, मला जपा, मला डोक्यावर घ्या, असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो: तुमच्या वर्गात कोणाच्या गळ्यात, दंडावर, कपाळावर काही वेगळं दिसलं तर विचारा, जरूर विचारा. पण विचारलं की थोडं थांबा. सांगणारीला वेळ लागतो.