एकाच ड्रममध्ये

थोरलीच्या अंगठ्याच्या नखाखाली गाळ अडकला होता — दुधी, पिठासारखा मऊ. अकिकासारख्या कडक दगडाचा गाळ असा नसतो. तो राखाडी, चरचरीत असतो आणि दोनदा साबण लावल्याशिवाय हात सोडत नाही. हा मात्र नुसत्या बोटाने पुसला गेला. पुसला तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज काही वाटेना. मग तिने ड्रमच्या तोंडातून पुन्हा हात आत घातला, चाचपडत.

तो मऊ दगड होता अजून. सोमवारी लिंबाएवढा होता, आज गुरुवारी सकाळी मोठ्या गोटीएवढा. हिरवा. भोवती बावीस अकीक, कडक, घासायच्या जाड भुकटीने माखलेले. त्यांच्या अंगाला अजून नीट गोलाईसुद्धा आलेली नाही. त्यांना काय, त्यांना हा आठवडा म्हणजे नुसती सुरुवात.

एका ड्रममध्ये एका जातीचे दगड — दगड घासायच्या या धंद्यातला पहिला धडा. मऊ दगडाचा ड्रम वेगळा, भुकटी बारीक, वर ओंजळभर प्लॅस्टिकचे मणी, म्हणजे दगड एकमेकांवर आपटत नाहीत. कडक दगडात मऊ टाकला तर कडकाला काही होत नाही, मऊ तेवढा पाण्यात जातो. तिला हे शिकवणारा म्हातारा कारागीर म्हणायचा, "बाई, मऊ दगड ओरडत नाही. तुम्हाला वाटतं सगळं ठीक चाललंय." वीस वर्षांत तिच्याकडून ही चूक एकदाही झाली नव्हती... आणि आताही चूक झालेली नाही. मी डोळे उघडे ठेवून टाकला. सुरीने ओरखडा काढून पाहिला, सुरी रुतली, मऊ आहे याची खात्री केली आणि मगच टाकला.

आत्ता बाहेर काढला तरी चाललं असतं. धुऊन, फडक्यावर घासून हातानेच चमक देता आली असती. धाकट्या बहिणीच्या गळ्यात शोभण्याइतका तो अजून होता. तिने झाकण लावलं, चक्री आवळली आणि ड्रम रुळांवर ठेवला. मोटर घुरघुरली, आत अकीक पडू लागले — खळ्... खळ्... खळ्...

आईची खोली रिकामी करायला धाकटी आठ दिवसांसाठी आली होती. आईला जाऊन दोन महिने झाले. वर कपाटं उघडल्याचे आवाज येत होते, मध्येच नाक शिंकरल्याचे. रडते आहे. रडू दे. नऊ वर्षं ही फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होती — ताई, आईला उन्हात बसव. ताई, डॉक्टर बदलून बघ. ताई, तू चिडत नाहीस ना तिच्यावर? नाही गं, कशाला चिडू. चादरी धुताना हातांना वेळ कुठे असतो चिडायला. आई रात्री-अपरात्री हाक मारायची तीसुद्धा धाकटीच्याच नावाने. थोरलीने ओ द्यायची, भांडं सरकवायचं, पुसायचं, आणि आई अंधारात म्हणायची, "छकुली, तूच गं माझी."

ड्रममधला तो हिरवा दगड थोरलीनेच आईला दिलेला. स्वतःच्या हाताने घासलेला पहिला मऊ दगड. आधीचे चार फुटून पाचव्यांदा जमलेला. आईचे हात थरथरायचे, तो मुठीत धरला की जरा थांबायचे. मग धाकटी दोन दिवसांसाठी आली आणि आईने मूठ उघडून तो तिला देऊन टाकला. थोरली तिथेच उभी होती, पेल्यात औषध ढवळत. "अगं, हा ताईचा ना?" असं धाकटीने विचारलं असतं तरी... पण तिला माहीत कुठे होतं? आणि आई म्हणाली, "तिला काय, ती दगडांतच असते. तिला दगडांचं काय कौतुक!" आणि या सोमवारी धाकटीने तोच दगड तिच्या हातात ठेवला — ताई, चमक दे ना याला, साखळीत घालायचाय.

दगडाला पाझर फुटतो म्हणतात. फुटत नाही. मी वीस वर्षं बघते आहे.

दुपारी सोनार आला, अकीक कधी मिळतील विचारायला. ड्रमला कान देत म्हणाला, "तुमच्याकडे माल टाकला की निर्धास्त झोपतो बघा." ती हसली, त्याला पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि तो पायऱ्या उतरेपर्यंत हसत राहिली. पाच वाजेपर्यंत तिने दोनदा मोटरच्या बटणाकडे हात नेला. दुसऱ्यांदा तर बोट टेकलंही होतं.

सहाला धाकटी खाली आली, डोळे सुजलेले, केसांत धूळ. "ताई, झाला का गं? उद्या निघायचंय मला. साखळी आणलीय त्याच्यासाठी."

तिने मोटर बंद केली, ड्रम चाळणीवर उपडा केला, वरून पाणी ओतलं. अकीक चाळणीत राहिले. त्यांच्यात तो — उभा चिरलेला, शेंगदाण्याएवढा, खडबडीत, आंधळा. दुसरा तुकडा मिळालाच नाही. धाकटीने तो तळहातावर घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हा?"

"हा."

धाकटी खाली बसली, तिथेच, ओल्या फरशीवर. तोंडावर हात. थोरली वरून बघत होती. याचसाठी चार दिवस काढले होते. हेच बघायचं होतं. आता ही वर बघेल. विचारेल. मग सांगता येईल सगळं, नऊ वर्षांचं, चादरींसकट.

धाकटीने वर पाहिलं आणि ओल्या हाताने तिचा हात धरला. "जाऊ दे ताई. तू नको वाईट वाटून घेऊस. आधीच तू किती दमलीयस... होतं असं."

"मी मुद्दाम टाकला," ती म्हणाली. स्पष्ट, एकेक शब्द सुटा. "मऊ आहे हे मला माहीत होतं. रोज सकाळी उघडून बघत होते."

धाकटी हसली. रडता रडता, खरोखर, लहानपणी हसायची तशी. "तू? गप गं! तुझ्याकडून मुंगी मरत नाही." आणि तिच्या पोटाशी डोकं टेकवून पुन्हा रडू लागली.

थोरलीचा हात सवयीने तिच्या केसांवर गेला. धूळ झाडू लागला, एकेका बटेतली. म्हणजे आईलाही असंच वाटत आलं असणार. सगळ्यांनाच. छत्तीस वर्षं ही बहीण म्हणून माझ्यासमोर वावरली आणि माझ्या आत राग असू शकतो, एवढंही हिला कधी सुचलं नाही... केस विंचरल्यासारखी बोटं फिरत राहिली, हळू, मायेने, आणि ती अगदी शांतपणे विचार करू लागली होती, की हिला पटायला आता आणखी काय करावं लागेल.