सातव्या फितीचा हट्ट

मी सातवी फीत बोलतेय. एका युद्धपटाची शेवटची. माझ्या सहा बहिणींकडे तोफा, घोडे, झेंडे, सगळा थाट. माझ्याकडे फक्त एक उंबरा. लढाई जिंकल्यावर एक शिपाई मेलेल्या मित्राचे बूट घेऊन त्याच्या आईच्या दारात उभा राहतो. नऊ मिनिटं कुणी अवाक्षर काढत नाही.

पहिल्याच आठवड्यात थिएटरच्या मॅनेजरनं माझ्यावर काट मारली. "लोक माना खाली घालून बाहेर पडतात. जिंकून घरी जाऊ देत की!" माझ्या टोकाचं 'समाप्त' कापून त्यानं सहावीला चिकटवलं आणि मला डब्यात घातलं. डब्यावर लिहिलं, 'नको'. तशीच अठरा वर्षं काढली. माणसांची खोडच ती: पाहवत नाही त्यावर झाकण लावायचं आणि झाकणावर चहाचा कप ठेवायचा.

थिएटरचं प्रोजेक्टर मशीन चालवायची ती मावशी; सगळे तिला मावशीच म्हणत. नवरा गेल्यावर त्याचं मशीन ती एकटीनं शिकली. बोटं भाजली, पण कुणापुढे हात जोडले नाहीत.

मग एकदा थिएटरनं प्रेक्षकांकडून चिठ्ठ्या मागवल्या: पाहायलाच हवेत असे आवडते युद्धपट. आमचा पहिला आला, रविवारी तो पुन्हा लावायचं ठरलं. मावशी भडकली.

"शेवट न पाहता पहिला नंबर?"

"मावशी, लोकांना एवढंच आवडतं," मॅनेजर म्हणाला.

"पुढचं दाखवलंत कधी? माझा दादा लढाईवरून आला, तेव्हा असाच दारात उभा होता. तोंडातून शब्द फुटेना. ते कुणी पाहायचं?"

"सातवी लावलीत तर उद्यापासून येऊ नका."

"बघू."

रविवारी दुपारी तिनं मला काढलं, मऊ फडक्यानं पुसलं, 'समाप्त' सहावीकडून सोडवून मला परत जोडलं. संध्याकाळी पडद्यावर सहावीतला झेंडा फडकला, लोक टाळ्या वाजवत उठले आणि मी सुरू झाले.

"ओ ऑपरेटर, आवाज गेला!"

मावशीनं वरच्या खिडकीतून सुनावलं, "आवाज ठीक आहे. तुमचाच जास्त होतोय. बसा खाली!"

हशा पिकला. मग एकेक खुर्ची पुन्हा भरली. पाचव्या मिनिटाला कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

मॅनेजर धापा टाकत वर आला. मावशी मशीनच्या बटणापुढे आडवी उभी राहिली. "आधी पाहा, मग हाकला."

त्यानं खिडकीला डोळा लावला. अठरा वर्षांपूर्वी त्यानं मला पाहिलंच नव्हतं. बाहेर पडणाऱ्यांची तोंडं तेवढी पाहिली होती. शेवटपर्यंत तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मावशीला हाकललं नाही, शाबासकीही दिली नाही. "सातवीचा एक जोड सुटायला आलाय, बघा जरा," एवढंच म्हणाला.

आता मी रोज चालते. अंगभर ओरखडे आहेत, दोनदा तुटलेही. तरी चालणार. युद्धपट जरूर बघा, टाळ्याही वाजवा. पण तो शिपाई त्या दारात पोहोचेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. सांगून ठेवते.