पहिलं बक्षीस, कर कापून

दसरा बंपरचं पहिलं बक्षीस कागलच्या सुगंधा मगदूमला लागलं आणि बक्षिसात तिचा मेलेला भाऊ मिळाला.

तिकीट घेताना तिची नजर दुसऱ्या बक्षिसावर होती. तिच्या पिठाच्या गिरणीला नवी मोटर हवी होती. पहिलं बक्षीस म्हणजे गेलेलं माणूस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते आपल्याला लागत नसतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

सोडतीच्या कार्यालयात तिला आतल्या खोलीत नेलं. भिंतीलगतच्या बाकावर भरतेश बसला होता. केस ओले, चापून बसवलेले. उसाच्या ट्रॉलीखाली सापडला तेव्हा तिनं त्याला पायांवरून ओळखलं होतं. तेच पाय आता बाकाखाली हलत होते. तिनं भिंत धरली.

"कर कापलाय बरं का," अधिकारी म्हणाले. "तिसरा हिस्सा. सगळ्यांचाच कापतात."

"कापलाय म्हणजे? त्याचं काय कापलं?"

तिनं घाईघाईनं त्याची बोटं पाहिली, कान पाहिले, शर्ट वर करून पाठ पाहिली. सगळं जागच्या जागी होतं.

"ते आम्हालाही कळत नाही. लोकांना घरी गेल्यावर कळतं," म्हणत अधिकाऱ्यांनी भरतेशच्या मनगटावर शिक्का मारला. "आणि बक्षीस आपल्या राज्यापुरतंच आहे. पलीकडं लॉटरीला बंदी. हद्द ओलांडली की हे बक्षीस उरत नाही."

"आमची आई पलीकडं, निपाणीत असते, साहेब."

"मग आईंना इकडं बोलवून घ्या."

तिनं तिथूनच आईला फोन लावला. रिक्षावाल्याला मारलेली तिची हाक तेवढी ऐकू आली.

एसटीत भरतेश खिडकीशी बसला. नदी दिसली तसा सरसावला. गुऱ्हाळं कुठं गेली म्हणून त्यानं विचारलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. सुगंधा रडत होती आणि हसतही होती. सांगू किती आणि काय, असं तिला झालं होतं. तेवढ्यात कंडक्टर आला.

"माझं एक कागल," भरतेश म्हणाला. "या बाईंचं त्यांना विचारा."

"भरतू, मस्करी पुरे."

त्यानं तिच्याकडं वळून पाहिलं. परक्या बाईकडं पाहावं तसं, अदबीनं.

"तुम्ही आईच्या ओळखीच्या काय?"

सुगंधानं त्याच्या मनगटावरचा शिक्का पाहिला.

"अरे, मी अक्का. तुला कडेवर घेऊन शाळंला जायची मी. हनुवटीवरचा हा वण बघ. माझ्या कडेवरनं पडलास तू. सगळ्या गल्लीत रडत फिरले होते मी."

त्यानं वणावरून बोट फिरवलं. "पायरीवरनं पडलो होतो. एकटाच होतो. आम्हाला भावंडं न्हाईत, बाई. आई म्हणायची, एखादी बहीण असती तर बरं झालं असतं."

कागलला उतरल्यावर तो घराकडं वळलाच नाही. ज्या बाईला आपण ओळखत नाही तिच्या घरी कसं राहायचं, असं त्याचं म्हणणं. तो हमरस्त्यानं निपाणीकडं चालू लागला. सुगंधा पदर खोचून मागं धावली. तिनं विनवण्या केल्या, शपथा घातल्या, आई इकडंच निघालीय म्हणून सांगितलं.

"मग वाटंतच भेटंल की," म्हणत त्यानं पावलं उचलली.

हद्दीवर डांबरावर पांढरा पट्टा ओढलेला होता. तिथं तिनं त्याला गाठलं आणि दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. उसाचा रस पिणारे लोक गोळा झाले.

"काय वो, का धरलंय त्याला?"

"भाऊ हाय माझा. पलीकडं गेला तर उरणार न्हाई."

"तुझी बहीण काय रं ही?" नाक्यावरच्या हवालदारानं विचारलं.

"न्हाई," भरतेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पण त्यांना काही बोलू नका. दमल्यात त्या."

तेवढ्यात पलीकडं रिक्षा थांबली. आई खाली उतरली. गुडघ्यांवर हात ठेवून सरळ झाली आणि तिनं हात पसरले.

"भरतूऽ!"

"आई, तिथंच थांब!" सुगंधा किंचाळली. "त्याला बोलवू नको! तूच इकडं ये!"

आईला ते ऐकू गेलं नाही. लोकांनी सुगंधाची बोटं एकेक करून सोडवली.

"येतो हं, बाई," भरतेश म्हणाला आणि पळत सुटला.

त्याचं पाऊल पांढऱ्या पट्ट्यापलीकडं पडलं. रस्त्यावर ऊन होतं, रिक्षा होती, आई होती. हवालदारानं शिट्टी तोंडाकडं नेली आणि तशीच धरून ठेवली. आईचे हात मिटले, पण पुरते मिटले नाहीत. मध्ये एका माणसाएवढी जागा ठेवून ते थांबले आणि ती पाठ थोपटू लागली.

"किती वाळलास रं लेकरा," आई म्हणाली, आणि तिनं मिठी आणखी आवळली.