मागच्या खोलीतली शेगडी

"नीट हात घालून बघ," आर्लीन म्हणाली. "कपाटात नाही लपवली मी."

वॉरन हाउगेन गुडघ्यांवर बसला. भिंतीशी जिथे विजेची मोठी शेगडी उभी होती, तिथे लिनोलियमच्या जमिनीवर तिच्या पायांचे चार खळगे उरले होते. त्यांच्या वर, हातभर उंचीवर, जाड वायरीच्या सॉकेटला पांढरी झाकणपट्टी मारलेली होती. वॉरनने पट्टीचे स्क्रू बोटाने चाचपले, फोटो काढला आणि कागदावर खूण केली: शेगडी काढली आहे.

"झालं?"

"झालं, मिसेस ट्वेट."

"म्हणजे आता हे घर नाही."

"नियमाप्रमाणे नाही. आता ही मोठ्या घराची जादाची खोली."

"आणि मी कोण? जादाची बाई?"

वॉरनने पेनाला टोपण लावले. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात त्याची सत्तावीस वर्षे गेली होती, पण असल्या प्रश्नांसाठी फॉर्ममध्ये कधीच जागा नव्हती.

आमच्या गावात वॉरनची पांढरी गाडी वळणावर दिसली की लोक गॅरेजची दारे ओढून घेतात. माणूस वाईट नाही. नाकासमोर चालणारा आहे, आणि अशा माणसाचा राग करणे सोपे असते. कुंपण चार बोटे उंच झाले तरी तो येतो, छपराचे टोक शेजाऱ्याच्या हद्दीकडे झुकले तरी येतो. बायको गेल्यापासून दुपारचे सँडविच गाडीतच खातो.

मागच्या अंगणात दुसरे घर बांधायचे तर प्लॉट सहा हजार चौरस फुटांचा हवा, असा आमच्याकडचा नियम. मग घर कशाला म्हणायचे? खाट चालते, न्हाणीघर चालते, मायक्रोवेव्हसुद्धा चालतो. शेगडी आली की ते घर होते. वेगळी चूल मांडली की वेगळे घर, नियमावलीला एवढेच कळते. आर्लीनचा मुलगा कर्टिस, त्याचा प्लॉट पाच हजार नऊशेचा. नवरा वारल्यावर आर्लीन शेत विकून मुलाकडे आली आणि येताना आपली चाळीस वर्षांची इलेक्ट्रिक शेगडी घेऊन आली. गॅरेजची खोली करून कर्टिसने ती तिथे बसवली. मग कोणीतरी निनावी तक्रार केली.

तीन आठवड्यांपूर्वी वॉरन पहिल्यांदा आला तेव्हा आर्लीन त्या शेगडीवर लेफ्से भाजत होती. बटाट्याची ती पातळ पोळी लोणी-साखर लावून, गुंडाळी करून तिने त्याच्या हातात ठेवली. कामावर असताना काही घ्यायचे नाही असा नियम आहे. वॉरनने ती उभ्या उभ्या खाल्ली. त्याची आई अशीच करायची.

"सून चांगली आहे," आर्लीन तेव्हा म्हणाली होती. "रोज सहाला जेवायला हाक मारते. पण मला सहाला भूकच लागत नाही. माझं मी शिजवते, माझं मी खाते, तोवर मी कोणाकडे राहायला आलेली नाही. कळलं?"

वॉरनला कळले होते. तोंडातला घास संपवून त्याने तिला नोटीस दिली.

आता मात्र काम उरकले होते. ऑफिसात परतल्यावर फाईल बंद करायला त्याला प्लॉटचा मूळ नकाशा जोडायचा होता. एरवी सगळे संगणकावरच्या आकड्यावर चालते. नोटीस काढतानाही वॉरनने तोच आकडा घेतला होता. तळघरातल्या कपाटातून त्याने पिवळा पडलेला नकाशा काढला आणि टेबलावर पसरला.

ट्वेटांच्या प्लॉटमागे सोळा फुटांचा बोळ होता. त्यावर लाल पेन्सिलीने काट मारली होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिले होते: १९६१, बोळ रद्द.

वॉरन खुर्चीत बसला. बोळ रद्द झाला की अर्धी जागा एका बाजूच्या मालकाची, अर्धी दुसऱ्या बाजूच्या. नव्या पोरांना हे तोच शिकवायचा. आठ फूट गुणिले पन्नास. चारशे चौरस फूट. ही भर संगणकात कोणी कधी घातलीच नव्हती. प्लॉट सहा हजार तीनशेचा होता, आणि शेगडीला काहीच हरकत नव्हती.

तो डॉनाकडे गेला. डॉना त्याची साहेब, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान.

"बाईने शेगडी काढली ना?"

"काढली."

"तक्रारवाला गप्प बसला ना? मग कशाला उकरून काढतोस, वॉरन? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी. सुखाने जा."

"माझी चूक आहे, डॉना."

"चूक संगणकाची आहे."

"नोटिशीवर सही माझी आहे."

डॉनाने हात झटकले. "जा बाबा. पण परवान्याचा कागद नीट कर, नाहीतर तो तक्रारवाला आपल्याला कोर्टात खेचेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्वेटांकडे गेला तेव्हा कर्टिस ट्रकमध्ये शिड्या चढवत होता. वॉरनने त्याला नकाशा दाखवला. कर्टिसने तो शांतपणे पाहिला, मग ट्रकच्या मागच्या फळीवर हात आपटला.

"काल तुम्ही गेलात आणि तासाभरात मी ती भंगारवाल्याकडे टाकून आलो. तुम्हीच म्हणालात ना, शेडमध्येसुद्धा ठेवू नका म्हणून?"

"म्हणालो होतो."

"मग आता काय करू? सकाळीच चेपतात ते सगळं. मशीनमध्ये घालून."

"भंगारवाल्याला मी फोन केला तर?"

"मीच करतो." कर्टिसने फोन लावला, दोन शब्द बोलला आणि तो खिशात टाकला. "गेली."

आर्लीन मागच्या खोलीत खिडकीशी बसली होती. जिथे शेगडी होती तिथे आता एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती. टेबलावरच्या कपात मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली कॉफी होती, न प्यालेली.

"मिसेस ट्वेट, माझी चूक झाली. शेगडी कायद्यात बसत होती. मी आधी नकाशा बघायला हवा होता, बघितला नाही."

तिने कॉफीचा कप बाजूला सरकवला.

"माफ करा," वॉरन म्हणाला. "मला फार वाईट वाटतंय."

"माझ्या नवऱ्याने त्याच्या पहिल्या चांगल्या पिकाच्या पैशातून घेतली होती," ती म्हणाली. "डावीकडची मागची चूल जरा जास्तच तापायची. मला सवय होती." तिने खिडकीबाहेर पाहिले. "आता या वयात नवी शिकायची म्हणजे."

वॉरनने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. हे त्याचे काम नव्हते. खुर्चीमागे हात घालून त्याने सॉकेटवरच्या पट्टीचा एक स्क्रू सोडवला. दुसरा गच्च बसला होता आणि खुर्चीच्या पाठीमुळे जोर लावता येत नव्हता.

"थांब," आर्लीन म्हणाली. "असं नाही जमायचं."

ती टेबलाचा आधार घेत उठली. दोन्ही हातांनी खुर्ची ओढत तिने ती खिडकीपाशी नेली आणि चार खळग्यांची जागा मोकळी केली.